ओळंबा कुणी नेला?

१

डब्यात एक सेफ्टी पिन होती, कुणाच्या तरी शर्टाचं बटण होतं, दोन रबरी बाहुल्या, टोक मोडलेली पेन्सिल आणि एक वही. ओळंबा नव्हता.

मीटरवाल्या बाईंनी सगळं रुमालावर ओतून पुन्हा एकदा बघितलं. कालव्याच्या काठी, भिंतीच्या पायथ्याशी दगडांच्या ढिगापुढे त्या उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांचे गुडघे त्यांना वाटेल ते बोलत होते. दिवसभर लोकांच्या पाण्याचे मीटर वाचायचे, जिन्याखाली, मोरीमागे, कुत्र्याच्या समोर वाकायचं आणि संध्याकाळी हे. हौस म्हणतात हिला. हौसेला मोल नसतं म्हणून ती फुकटात अशी कंबर मोडते, असं बाईंचं मत होतं.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकतो. बाकीचे फोन हातात धरून तो शोधतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तिथे ठेवून देतात. जिओकॅशिंग असं त्याचं भारदस्त नाव आहे, पण खेळणारे नुसतं 'डबे' म्हणतात. डब्यात बारीकसारीक वस्तू असतात. त्यातल्या काहींना नंबराचा बिल्ला असतो. बिल्ल्याची वस्तू कुणी घरी न्यायची नाही, कारण तिला मालक असतो. ती उचलायची, पुढच्या कुठल्यातरी डब्यात ठेवायची आणि तशी नोंद करायची, म्हणजे मालकाला घरबसल्या कळतं की आपली वस्तू कुठवर पोचली.

डब्याची देखभाल लपवणाऱ्याकडे. तो करत नसेल तर तक्रार बाईंकडे. शहरातल्या सगळ्या डब्यांच्या तक्रारी बघायचं काम सहा वर्षांपूर्वी एका बैठकीत निघालं, तेव्हा सगळ्यांनी छताकडे बघितलं आणि बाईंनी चुकून समोर बघितलं. तेव्हापासून हे त्यांच्या गळ्यात होतं.

ही तक्रार दोन वर्षं जुनी होती. आधी कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, बाईंनीसुद्धा. पण परवा तक्रारदारांनी तिच्याखाली एक ओळ वाढवली होती. 'मी रविवारी हे शहर कायमचं सोडते आहे. माझा भाऊ चोर आहे की नाही, एवढं कळलं तर बरं होईल.'

२

तक्रारदार ताई हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. घरात खोक्यांना दोऱ्या बांधणं चाललं होतं आणि बसायला एकच खुर्ची उरली होती. ती त्यांनी बाईंना दिली आणि स्वतः बॅगेवर बसल्या.

"आमचे वडील गवंडी होते," ताई म्हणाल्या. "कालव्याची ती भिंत त्यांच्या हातची. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली, स्वतः या गावाबाहेर कधी पडले नाहीत. गेले तेव्हा त्यांचा ओळंबा माझ्याकडे आला. पितळी, मुठीएवढा. भिंत सरळ आहे का ते दोरीला लोंबकळवून बघतात तो."

"माहितीय मला."

"मला वाटलं, त्यांनी नाही तर निदान ओळंब्याने जग बघावं. भूगोलाचे सर आमच्या ओळखीचे. त्यांनी त्या भिंतीतच डबा लपवलेला होता. माझ्या कंबरेचं तेव्हा ऑपरेशन झालेलं, म्हणून मी बिल्ला लावून ओळंबा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, बाबांच्या भिंतीपासूनच निघू दे."

"आणि भाऊ?"

ताई दोरीची गाठ सोडवत बसल्या. गाठ आधीच सुटलेली होती.

"धाकटा फरशी बसवायचं काम करतो. त्याला कळल्यावर तो आकांडतांडव करत आला. म्हणाला, हत्यार हातात असलं तर जिवंत, तू ते खेळण्यात टाकलंस. तुझ्या एकटीचं होतं का ते? दोन आठवड्यांनी एका जोडप्याने नोंद केली की डब्यात ओळंबा नाही. मी त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, तूच नेलास, परत दे. तो म्हणाला, मी तिकडे गेलोच नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं आणि दोन महिने. तो बोलला नाही, मीही नाही. आता मी मुलीकडे चाललेय, कायमची. हे असं डोक्यात घेऊन जाववत नाही हो. नेला असेल तर नेला म्हणून सांगा, मी माफ करीन. पण नेला नसेल तर..."

बाईंनी पाणी मागितलं. तहान नव्हती, पण ताईंना उठून आत जायला काहीतरी कारण हवं होतं.

३

भूगोलाच्या सरांच्या दारात काठी होती, खुर्चीला काठी होती आणि पलंगालाही एक काठी टेकवलेली होती.

"डबा मीच लपवला, आठ वर्षं झाली," सर म्हणाले. "ओळंबाही मीच नेऊन ठेवला. ती माझी शेवटची फेरी. वाकणं चाळिशीतच बंद झालं होतं माझं, त्या महिन्यापासून जिनेही बंद झाले. कालव्याला उतरायला तीस पायऱ्या आहेत."

"मग देखभाल कोण करतं?"

सरांनी शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा चेहरा केला. "सांगायला लाज वाटते. वही ओली झाली अशी तक्रार आली, तेव्हा मी सगळ्यांना कळवलं की कुणी तिकडे जाणार असेल तर बघा. आपल्यातला तो हजारी, हजारांनी डबे शोधणारा, त्याचा निरोप आला. 'डबा बदलला, नवी वही ठेवली.' मी आभार मानले आणि विसरलो."

"आतल्या वस्तू?"

"नव्यात हलवल्या असतीलच की. आणखी काय करणार?"

"आणि जुनी वही? ती तर लपवणाऱ्याकडे परत यायची असते."

"आली नाही," सर म्हणाले. "मीही मागितली नाही. सहा वर्षांच्या सह्या होत्या हो तिच्यात."

डबा नेमका कुठे लपवला होता, हे बाईंनी विचारलं नाही. या लोकांत ते विचारणं म्हणजे पाहुण्याने यजमानाचं कपाट उघडणं. लपवणारा सांगत नाही आणि शोधणारा विचारत नाही. शिवाय बाईंना डबा मिळालेला होता, पाच मिनिटांत.

"ओळंब्याचं काय झालं असेल, सर?"

"हजारीने डबा बदलला त्या दिवशी तो त्यात होता की नव्हता, यावर सगळं आहे." सर काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "नव्हता, तर भावाने नेला. होता, तर हजारीने. दोघांपैकी कुणाला चोर म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. माझ्याच्याने होत नाही."

४

हजारीने आजवर चार हजार डबे शोधले होते आणि पाच मिनिटांच्या बोलण्यात तो आकडा तीनदा सांगितला. छपाईच्या दुकानात तो कागद कापायच्या यंत्रावर होता. बोलतानाही त्याचे हात गठ्ठे सारखे करत होते.

"त्या रविवारी मी एकवीस डबे केले, बाई. एकवीस! कालव्याचा अकरावा."

"एका डब्याला किती वेळ देता?"

"दहा मिनिटं. त्यापलीकडे नाही. नाहीतर आकडा कसा वाढणार?"

"कालव्याला किती लागला?"

यंत्र खाली आलं आणि एक गठ्ठा दुभंगला. "झालं असेल दहा मिनिटांत. डबा बदलला, वही ठेवली. दोन वर्षांत कुणाची तक्रार आहे का? उलट सगळे लिहितात, मस्त डबा, पटकन सापडला. पूर्वी तासतासभर शोधून लोक हात हलवत परत जायचे."

"ओळंबा होता का त्यात?"

"नव्हता."

"नक्की?"

"अहो, बाहुल्या मी टाकल्या, बटण मी टाकलं. ओळंबा असता तर दिसला नसता का?"

"जुन्या वहीचं काय केलंत?"

हजारीने गठ्ठा उलटा धरला, मग सुलटा. "टाकली असेल. भिजलेली होती ना. आठवत नाही बुवा."

सतरा वर्षं मीटर वाचून बाईंना एक गोष्ट कळली होती. मीटर फिरवून ठेवणारी माणसं चहा आणू का म्हणून विचारतात.

"चहा मागवू का, बाई?" हजारी म्हणाला.

५

धाकटा एका रिकाम्या फ्लॅटमध्ये गुडघ्यांवर बसून फरशी लावत होता. पन्नाशीचा असेल, पण पाठ साठीची दिसत होती. बाई दारातच थांबल्या, कारण आत सिमेंट ओलं होतं.

"ताईने पाठवलं?"

"तक्रार त्यांची आहे. मी आपली आले."

"काय विचारायचंय ते विचारा. मी नेला नाही."

"कधी गेला होतात का तिथे?"

"नाही." त्याने फरशीवर रबरी हातोडीने दोन टोले दिले. "मला काय काम?"

"राग आला होता म्हणे तुम्हाला."

"आला होताच. वडिलांबरोबर बारा वर्षं काम केलंय मी. तो ओळंबा त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात दिला तेव्हा माझा हात थरथरत होता, आणि ते म्हणाले, तू थांब, म्हणजे तो थांबेल. ताईने तो कुणाकुणाच्या हातात दिला." त्याने लेव्हल लावून बघितली, बुडबुडा मधोमध होता, तरी फरशी परत उचलली. "आणि ठेवायचा कुठे, तर डोक्याच्या वर, भिंतीच्या सर्दाळलेल्या भोकात. सुती दोरी. कुजणार नाही तर काय होणार?"

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर बाईंनी ताईंना फोन लावला.

"डबा भिंतीत नेमका कुठे होता, ते तुम्ही भावाला सांगितलं होतं का?"

"मलाच कुठे माहीत? सर कुणाला सांगत नाहीत. मी फक्त भिंत म्हटलं होतं. का हो?"

"सांगते नंतर," म्हणून बाईंनी फोन ठेवला. आता ताईंना काय सांगायचं? जो माणूस तिकडे कधी गेलाच नाही, त्याला भोक माहीत होतं आणि दोरीही माहीत होती. भाऊ खोटं बोलत होता.

बाईंना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो नुसता थकवा. बसथांब्यावर त्या मटकन खाली बसल्या, तसे गुडघे पुन्हा कुरकुरले. काल त्या डब्यापुढे उकिडवं बसल्यापासून ते असेच दुखत होते.

उकिडवं बसल्यापासून.

बाई उठून उभ्या राहिल्या. बस आली आणि गेली, तिला त्यांनी हातसुद्धा केला नाही.

६

शनिवारी सकाळी कालव्याच्या वरच्या बाकावर सर, ताई आणि हजारी बसले होते. सरांना रिक्षाने आणलं होतं. हजारी येत नव्हता, तेव्हा बाईंनी त्याला फक्त एवढंच म्हटलं होतं, "चार हजारातला एक कमी करू का?" तो धावत आला.

"मला सापडलेला डबा दगडांच्या ढिगात आहे, घोट्याच्या उंचीवर," बाई म्हणाल्या. "मला उकिडवं बसावं लागलं. धाकटे म्हणतात, ओळंबा डोक्याच्या वर भोकात होता. आधी मला वाटलं, यांचं खोटं पकडलं. मग मनात आलं, खोटं बोलणारा माणूस चुकीची जागा कशाला सांगेल? आणि सर, तुमचं वाकणं चाळिशीत बंद झालं. डबा तुम्ही लपवला आठ वर्षांपूर्वी. घोट्याच्या उंचीवर तुम्ही तो लपवूच शकत नव्हता."

सर हळूच हसले. "मी तर उभ्यानेच लपवला होता."

"हजारी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

हजारीने मान खाली घातली. सांगायचं काम बाईंवरच आलं.

"यांना दहा मिनिटांत डबा मिळाला नाही. चार हजार डबे शोधलेला माणूस! त्याला वाटणार, डबा गेला, नाहीतर मला मिळाला असता. मग यांनी पिशवीतला स्वतःचा डबा काढला, दगडांत ठेवला, वहीत पहिली सही स्वतःची केली आणि सरांना कळवलं, डबा बदलला. काहीच बदललं नव्हतं. एकाचे दोन झाले होते. त्या दिवसापासून सगळ्यांना सोपा तोच सापडतो आणि सापडल्यावर पुढे कोण शोधतो? म्हणून सगळे लिहितात, पटकन सापडला. म्हणून ओळंबा त्यात कधी नव्हता आणि जुनी वही यांनी कधी बघितलीच नाही."

"वाईट हेतू नव्हता हो," हजारी म्हणाला. "मला वाटलं, मदत करतोय."

"तेच तर. चोर परवडला असता."

मग बाई एकट्याच तीस पायऱ्या उतरल्या. भिंतीत पाणी झिरपून जायला ठेवलेल्या भोकांची ओळ होती, सारख्या अंतरावर, अगदी रेघ मारल्यासारखी. त्यातल्या एकाच भोकात दगडाचा तुकडा बसवलेला होता. गवंड्याच्या मुलाला तो लांबूनच खटकला असणार. बाईंनी टाचा उंचावून हात घातला.

जुना डबा वर आणून त्यांनी ताईंच्या मांडीवर ठेवला. झाकण ताईंनीच फिरवलं. ओळंबा आत होता, बिल्ल्यासकट. दोरी नवी होती, नायलॉनची, निळी.

"ही माझी दोरी नाही," ताई म्हणाल्या.

वहीची पानं फुगून एकमेकांना चिकटली होती. शेवटच्या नोंदीवर पेन्सिलीचं अक्षर होतं आणि तारीख होती हजारीच्या रविवारानंतरची, ताईंनी फोन केला त्याच्या चार दिवस आधीची. ताईंनी चष्मा लावला, काढला, परत लावला. शेवटी वही बाईंकडे दिली. बाईंनी वाचलं.

'न्यायलाच आलो होतो. हातात घेतला. दोरी कुजली होती ती बदलली आणि परत ठेवला. ताईची इच्छा आहे तर फिरू दे त्याला. धाकटा.'

ताई पदर तोंडाला लावून रडल्या. सर कालव्याकडे बघत राहिले आणि हजारी, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, तो खाली जाऊन स्वतःचा डबा दगडांतून काढून घेऊन आला.

"तुम्ही नेऊन द्या हो त्याला," ताई शेवटी म्हणाल्या. "मला तोंड नाही."

"माझं काम डब्यांचं आहे," बाई म्हणाल्या. "दारापर्यंत येते."

७

धाकटा त्याच फ्लॅटमध्ये होता, आता स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला. ताईंना बघून त्याचा हात थांबला, पण तो उठला नाही.

"सापडला," ताई म्हणाल्या. "तू ठेवलास तिथेच. तू लिहिलेलं वाचलं."

"म्हणजे खात्री पटली."

"तू तेव्हा गेलो नाही का म्हणालास रे? सांगितलं असतंस तर..."

"तर तू म्हणाली असतीस, बघ, गेला होतास. फोन उचलला तेव्हा तुझा पहिला शब्द काय होता, आठवतो? मी चार दिवसांपूर्वी दोरी बांधून आलो होतो, ताई. तुला सांगणार होतो रविवारी घरी येऊन. आणि तू म्हणालीस, परत दे."

ताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "पहिले सहा महिने राग होता. मग वाटायला लागलं, नसेल नेला. मग लाज वाटायला लागली आणि लाजेपायी फोन नाही केला. चुकलं माझं. फार चुकलं."

"मी चोर नाही हे मला ठाऊकच होतं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "त्यासाठी मला वही नको होती, ओळंबाही नको होता. मला तुझा एक फोन हवा होता, पुरावा मिळायच्या आधी."

बाईंना तिथून निघून जावंसं वाटलं. पण ताईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं.

ताईंनी ओळंबा पुढे केला. "हा तू ठेव. नंबरही तुझ्या नावावर करते."

"नको. मालक तूच राहा. त्याला पुढच्या डब्यात जाऊ दे, ठरलंय तसं." त्याने हात पुसला, ओळंब्याला न शिवता निळ्या दोरीची गाठ तेवढी ओढून बघितली. "ही दोन वर्षं टिकेल. मग कळव."

"मी उद्या चाललेय. कायमची."

"ऐकलं."

"मला माफ करशील का रे?"

त्याने पुढची फरशी उचलून जागेवर टेकवली. "आज नाही जमणार," तो म्हणाला. "तिकडे गेल्यावर फोन कर. रोज कर. मी उचलेन तेव्हा उचलेन."

बाईंनी सोमवारी तक्रार बंद केली. सरांचा डबा राहिला, आणि मीटर वाचून परतताना महिन्यातून एकदा तीस पायऱ्या उतरायचं आणखी एक काम बाईंच्या गळ्यात पडलं. ओळंबा त्यांनीच बसने पुढच्या गावच्या डब्यात नेऊन ठेवला आणि तशी नोंद केली.

दहा-बारा दिवसांनी ताईंचा निरोप आला, लांबलचक, ऑपरेटरच्या नेटकेपणाने वेळा घालून लिहिलेला. त्या रोज संध्याकाळी सात वाजता फोन करत होत्या. नऊ दिवस तो नुसता वाजून बंद झाला. दहाव्या दिवशी त्याने उचलला. बोलला काहीच नाही. मागे फरशी कापायचं मशीन चालू होतं आणि ताई चार मिनिटं त्याचा आवाज ऐकत होत्या. मग मशीन बंद झालं आणि तो म्हणाला, "हं, बोल."